निथळून टाका

आमच्या आवारात एक यंत्र आहे.
कार्ड टेकवलं की झाकण उघडतं,
घरातलं उष्टं-खरकटं पोटात घेतं
आणि बाईच्या आवाजात वजन सांगतं.
रात्री अकरानंतर तो आवाज बारीक करायचा,
त्याची कळ माझ्याकडे.

मी ओ मान-सिक. चोंगजूमधल्या या तीन इमारतींचा रखवालदार.
आधी एकवीस वर्षं सूतगिरणीत होतो.
तिथंही वजनंच करायचो.

नव्या बिऱ्हाडाला पहिल्या दिवशी मीच समजावतो:
कांद्याची सालं यात नाहीत.
शिंपल्यांची कवचं नाहीत, हाडं नाहीत,
पीचची कोय नाही, चहाचा चोथा नाही.
मग अन्न म्हणायचं तरी कशाला, असं विचारतात.
डुकराला चावेल ते अन्न, मी म्हणतो,
बाकीचं साध्या पिशवीत.
आणि हो, निथळून टाका.
पाण्याच्या वजनाचे पैसे कशाला भरता?

माणसं दारं लावून जगतात
पण यंत्राला कळतं, यंत्राकडून मला.
अकराशे दोनमधली पोरं परीक्षा आली की काहीच टाकत नाहीत,
संपली की कोंबडीची हाडं, तीही नेमकी चुकीच्या तोंडात.
सातशे एकमध्ये बाळाला भाताची पेज सुरू झाली:
वीस ग्रॅम, तीस ग्रॅम, वीस, सगळी थुंकलेली.
नोव्हेंबरात घरोघर किमची घालतात,
कोबीच्या बाहेरच्या पानांनी यंत्राचा घसा बसतो
आणि मी झाकणावर थाप मारत उभा.
गुरुवार बाटल्यांचा.
त्या दिवशी बायका नखांनी लेबलं सोलतात,
लसूण सोलताना चालतात तशा गप्पा.

परवा लिफ्टमध्ये कागद लागला.
या महिन्यात आपला ओला कचरा अकरा टक्क्यांनी घटला, अभिनंदन,
खाली अध्यक्षा माएंग बाईंची सही
आणि एक हसरं झाड.
घरटी एक व्हिनेगरची बाटली मिळाली. मलाही.

मी माझ्या वहीत ते अकरा टक्के फोडून पाहिले.
थोडे दोनशे आठचे, त्यांनी गच्चीवर खताचा हौद केलाय,
गांडुळांना नावं ठेवलीत म्हणे, म्हणजे खरीच नावं.
थोडे उन्हाळ्याचे, कलिंगडं संपली.
आणि थोडे तीनशे चारचे.

प्यो बोक-ही.
नवरा शुश्रूषालयात गेला तेव्हापासून
दिवसाला आठशेवरून नव्वद, नव्वदवरून चाळीस.
एका सफरचंदाची साल किती भरते
ते मला आता न ऐकताही सांगता येतं.

मंगळवारी संध्याकाळी त्या पातेलं घेऊन खाली आल्या.
समुद्रशेवाळाचं सूप, वाढदिवसाला करतात ते.
तिकडे आता नळीनंच देतात, म्हणाल्या.
डबा नेला तसाच परत आला.
आणि कार्ड शोधू लागल्या,
हा खिसा, तो खिसा, पुन्हा हा.

वाया जाण्यासारखं नव्हतं ते.
मागून घेता आलं असतं मला,
अकराशे दोनमधल्या पोरांना हाक मारता आली असती.
पण तोंडातून आलं ते रोजचंच:
आधी निथळून घ्या.

त्या गटाराच्या जाळीपाशी उकिडव्या बसल्या.
चाळण मी आणून दिली, टॉर्च मी धरला.
रस्सा गेला.
मग त्या शेवाळ दाबत राहिल्या, पालथ्या मुठीनं,
पाणी यायचं थांबल्यावरही.

तीनशे दहा ग्रॅम, यंत्र म्हणालं. धन्यवाद.

पातेलं पाच-सहा माणसांचं.
मी ते नळाखाली धरलं.
तळाला शेवाळाची एक पट्टी चिकटली होती,
ती काढून तोंडात टाकली.
मीठ बेताचं आहे, मी म्हणालो.

कमीच घालते, त्या म्हणाल्या,
ह्यांना बीपी आहे ना.